प्रायव्हेट नंबर

प्रोजेक्टरवर नाव आलं तेव्हा मी हसत होते. अख्ख्या लॅबकडे तोंड करून, दात दाखवून. सुट्टीत कोणी काही नवीन केलं का, असं अमरदीप सरांनी विचारलं होतं. कोणी ड्रोनचं सांगत होतं, कोणी रीलचं, आणि मी उठून सरळ पुढे गेले. आधीची मी गेली नसती. नववीतली मी बाकाखाली पेन शोधत बसली असती. पण यंदा मी अकरावीत आहे आणि यंदा मला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली आहे, जी सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही: मी भल्ली हुशार आहे. "सर, एक लायब्ररी है, सी में. फाइल इधर से उधर पहुँचाती है, दुनियाभर के प्रोग्राम उसको अंदर लेके चलते हैं. उसमें लॉगिन का एक पूरा हिस्सा मैंने लिखा है." सरांनी भुवया वर केल्या, मोना मागून ओरडली, "ओए गावंडे, ट्रीट!" आणि लिबफेरीचं, म्हणजे त्या लायब्ररीचं, पान भिंतीभर झालं. येत्या आवृत्तीत नवीन काय, ते खाली सरकत गेलं. 'डायजेस्ट ऑथेंटिकेशन' हे शब्द आले. माझे शब्द. त्यांच्यापुढे गावंडे. आडनाव आधी दिसलं, कारण डोळ्यांना त्याची सवय. मग त्याच्या अलीकडचं दिसलं. पीयूष. मी अजून हसतच होते. तोंडाला खबर पोचायला वेळ लागतो. "अरे, ये तो तेरे भैया का नाम है ना?" मोनानं विचारलं, वाईट मनानं नाही, नुसतंच. आणि मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "हाँ, हम दोनों ने मिलके किया. घर का ही है." कोणी शिकवलं नव्हतं मला हे उत्तर. तयारच होतं ते जिभेवर. सर म्हणाले, "वेरी गुड, भैया को बधाई देना," आणि मी मान हलवून जागेवर येऊन बसले.

सीमध्ये एक गंमत असते. मेमरीची एखादी जागा आपण परत करून टाकली, पण तिचा पत्ता हातात राहिला, तर त्या पत्त्यावर गेल्यावर बरेचदा जुनीच किंमत सापडते. प्रोग्राम चालत राहतो. आकडे बरोबर येतात. जागा मात्र आपली नसते, तिथे कोणीही कधीही दुसरं काही आणून ठेवू शकतं. शाळेच्या बसमध्ये मी तशी चालले होते. मोना भेळेबद्दल बोलत होती आणि मी बरोबर जागी हो म्हणत होते, चिंच जास्त हवी असंही म्हटलं. खिडकीच्या गजाला कपाळ लावलं की बसची थरथर दातांत उतरते, ती उतरू दिली. पॉवर हाउसचा स्टॉप गेला, पूल गेला, आणि माझं डोकं आपोआप एक काम करू लागलं होतं. ते बाबांना वाचवत होतं. बाबांना कॉम्प्युटरमधलं काय कळतं? बटण दाबायलाही ते पीयूषदादाला हाक मारतात. दादानं त्यांना सांगितलं असेल, काका, गेलं गीतूच्या नावानं, आणि बाबांनी विश्वास ठेवला असेल, आणि त्या विश्वासानं मला नंबर दिला असेल. असंच. दुसरं काही असूच शकत नाही, कारण बाबांनी नंबर दिला होता.

आमच्या घरचं हे बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून सांगते. बाबा स्टेशन मास्तर. आता चरोद्याच्या यार्डात आहेत, पण मी लहान असताना दुर्गच्या लाइनीवर एका एवढ्याशा स्टेशनात होते, आणि आई नंदिनी नगरला मावशीकडे गेली की मला त्यांच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसवून ठेवत. गाडी यायची असली की बाबा फाटकवाल्याला फोन करायचे: गेट बंद कर. मग नुसती वाट. तिकडून नुसतं 'केलं साहेब' आलेलं चालत नसे. बाबा म्हणायचे, "नंबर दे." फाटकवाल्याकडे छापील आकडे असतात, उलटेसुलटे, कसल्याच ओळीत नसलेले. गेट खरोखर बंद करून, कुलूप घालून, मगच त्यानं त्यातला पुढचा आकडा वाचायचा आणि खोडायचा. एक आकडा एकदाच. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो आकडा कानावर आला की मगच बाबा सिग्नल देणार, आणि मग ते एवढं मोठं धूड त्या एका आकड्याच्या भरवशावर धाडधाड निघून जाणार. मला ते इतकं आवडलं की मी घरीही सुरू केलं. बाबा म्हणाले, उद्या सर्कशीला नेतो, की मी म्हणायची, आधी तिकिटं, मग नंबर. मी म्हटलं, दूध पिलं, की बाबा म्हणायचे, नंबर? आणि पेला मोरीत ओतलेला असला की माझ्या तोंडून आकडा निघतच नसे, खरंच, जीभ जड व्हायची. आई कपाळाला हात लावायची: "घराचं पार टेशन करून टाकलं तुम्ही दोघायनं. मी काय मालगाडी हाओ का?" पण नियम राहिला. मी सोळा वर्षांची झाले तरी राहिला. काम झाल्यावरच आकडा. होणार आहे म्हणून नाही, झाल्यासारखंच आहे म्हणून नाही.

नत्थूकाकांचं आठवलं, ते त्या पुलाच्या उतारावर. नत्थूकाका त्या फाटकावर होते, मला बोरं आणून द्यायचे. एकदा त्यांनी गेट उघडं असतानाच नंबर देऊन टाकला. अंगाला साबण लावलेला होता म्हणे, गाडीला वेळ होता, रस्ता रिकामा होता. गाडी गेली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पण बाबांना कळलं, आणि बाबांनी वर कळवलं. नत्थूकाका घरी आले होते, आईपुढे रडले. मीही म्हटलं होतं, बाबा, काही झालं तर नाही ना. तेव्हा बाबांनी मला मांडीवर घेतलं नाही, समोर उभं केलं. म्हणाले, "झालं नाही हे त्याचं कसब नव्हे, बाई. त्यानं आकडा देला अन् गेट उघडं होतं. बस. आता त्याच्या कोणत्याच आकड्यावर मले गाडी सोडता येत नाही." मला तेव्हा बाबा दुष्ट वाटले होते. नंतर वाटलं, असा माणूस माझा बाप आहे, केवढं बरं.

आणि म्हणूनच तर मला डायजेस्ट एका बैठकीत कळलं! दादा त्यावर अडला होता, मी नाही. दादा म्हणजे पीयूषदादा, कृष्णराव काकांचा मुलगा. काका पुलगावला वारले त्या वर्षी तो आमच्याकडे राहायला आला, बी.ई. करून, आणि नोकरी लागेना म्हणून हथखोजच्या एका फॅक्टरीत धर्मकाट्यावर बसतो. ट्रक येतो, वजन टाइप करायचं, ट्रक जातो. सी मला त्यानंच शिकवली. पॉइंटर समजावताना त्यानं पोळीच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती, 'पोळ्या फ्रीजवरच्या डब्यात', आणि फ्रीजवरच्या डब्यात दुसरी चिठ्ठी, 'पोळ्या गीतूच्या पोटात'. मी इतकी हसले होते की आईनं दोघांना बाहेर काढलं. लिबफेरीही त्यानंच दाखवली. तिच्यात पासवर्ड जसाच्या तसा पाठवण्याची सोय होती, डायजेस्टची नव्हती. दादा म्हणाला, हे जमलं तर मोठी गोष्ट आहे बे, आणि दोन दिवस वाचून म्हणाला, डोकं चालत नाही. मी वाचलं आणि टाळी वाजवली. अगं बाई, हा तर प्रायव्हेट नंबर! आपण दार ठोठावलं की समोरचा म्हणतो, असं आत येता येणार नाही, हा घे एक शब्द. तो शब्द प्रत्येक वेळी नवा, अगडबंब, निरर्थक. त्याला नॉन्स म्हणतात. आपण आपला पासवर्ड त्या शब्दात कालवायचा, बारीक दळायचा, असा की दळलेल्यातून परत काही वेगळं काढता येऊ नये, आणि तेवढं पीठ पाठवायचं. समोरचाही त्याच्याकडे तसंच दळून पाहतो. जुळलं तर आत. पासवर्ड घराबाहेर पाऊलच टाकत नाही. तो माहीत आहे एवढंच सिद्ध होतं. आणि पुढच्या वेळी शब्द नवा, म्हणून कोणी आपलं पीठ चोरलं तरी ते उद्या शिळं.

उन्हाळाभर मी तेच केलं. कूलरसमोर बसून, ओली ओढणी मानेवर टाकून. सीमध्ये शब्दाच्या शेवटी एक शून्य असावं लागतं, ते विसरलं की वाचणारा थांबतच नाही, शेजाऱ्याच्या घरात शिरून वाचत सुटतो. अशी मी कितीदा शेजाऱ्यांच्या घरात शिरले. काम झालं की पासवर्डची जागा पुसून टाकायची, तेही केलं. पण माझं सगळ्यात लाडकं होतं ते दुसरंच. कधीकधी दार आपल्याला म्हणतं, मी इथे नाही, त्या तिकडच्या पत्त्यावर जा. आणि आपण भाबडेपणानं तिकडे जातो, आणि तो पत्ता भलत्याचाच असतो. तो भलता काय करेल? तो स्वतः खऱ्या दारावर जाईल, तिथून नवा शब्द मागून घेईल, तोच शब्द आपल्याला देईल. आपण प्रामाणिकपणे दळून उत्तर देऊ. तो ते उत्तर खऱ्या दाराशी नेईल आणि आपल्या नावानं आत जाईल. आपला पासवर्ड त्याला कळलाच नाही, तरी. म्हणून मी असं लिहिलं की पत्ता बदलला रे बदलला, की आधीचं सगळं विसरायचं, आणि तिकडच्या प्रश्नाला उत्तरच द्यायचं नाही. कुठल्याच पुस्तकात मला हे मिळालं नव्हतं. मला ते नहाणीत सुचलं. ओल्या केसांनी धावत आले होते.

मग शाळा उघडताच चाचणी परीक्षा आल्या. लिबफेरीवाले अठराच्या आतल्यांचं काम पालकांच्या पत्राशिवाय घेत नाहीत, आणि बाबा म्हणाले, तू अभ्यास कर, मी अन् पीयूष बसून पाठवतो. संध्याकाळी मी फिजिक्सचं पुस्तक छातीशी धरून दारात उभी राहिले. "बाबा, पाठवलं?" "पाठवलं." "माह्याच नावानं?" "हाव." "नंबर?" बाबा चहा बशीत ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण बाबा चहा ओतताना कधीच मान वर करत नाहीत. "त्रेचाळीस," ते म्हणाले. मी उडी मारली. एवढंच. बसमध्ये मी तो क्षण उलटून पालटून पाहिला, बशी, चहा, आवाज, आणि मला कुठेच काही सापडलं नाही. तेच वाईट होतं. खोट्या आकड्याला खऱ्यासारखाच आवाज असतो.

घरी आले तर दादा कॉम्प्युटरपुढेच. आज काटा बंद होता म्हणे. मला पाहून खुर्ची फिरवली, केसांत हात, तेच हसू. "आली का गीतू? चहा ठेवतो तुह्यासाठी. बरं, आयक ना, थे तू केलं होतं नाही का, दुसऱ्या पत्त्यावर गेलं की सारं फेकून देणं... थे कावून केलं होतं तू?" मी दप्तर खांद्यावरून उतरवलं नाही. विचारलं, "कावून? कोणी विचारून राहिलं का?" "नाही बे, कोण विचारते. मलेच समजून घ्याचं होतं, असंच." असंच. मला वाटलं होतं तो तोंड लपवेल, नजर चुकवेल. पण तो तर अगदी मोकळा होता, प्रेमळ होता, चहासुद्धा ठेवणार होता. पडद्यावर त्याच्या खांद्यामागून मला प्रश्न दिसत होता. इल्झेचा. इल्झे म्हणजे लिबफेरी सांभाळणाऱ्यांतली सगळ्यात कडक बाई, तिकडे कुठे लाटवियात राहते. तिनं दुसऱ्यांच्या कामावर घेतलेले आक्षेप मी महिनोन्‌महिने वाचत आले होते, एकदा तरी हिनं माझं वाचावं म्हणून. आणि तिनं वाचलं होतं. तिनं नेमकं तेच शोधून काढलं होतं, माझं लाडकं. लिहिलं होतं: हे इथे मुद्दाम केलं आहे का? का केलं? कळल्याशिवाय आवृत्तीत घेता येणार नाही. प्रश्न मला होता, आणि वर नाव दादाचं.

"इल्झेनं विचारलं," मी म्हटलं. दादाचं हसू तोंडावर राहिलं, पण त्या हसण्यामागचा दादा गेला. "तुले कोणं सांगतलं?" "शाळेच्या भिंतीवर होतं. एवढ्या मोठ्या अक्षरात. साऱ्या लॅबनं वाचलं, सरनं तं बधाईबी सांगतली तुह्यासाठी." तो उठला, पुन्हा बसला. "गीतू, आयक. सोमवारी पुण्याचा इंटरव्ह्यू आहे. थे लोक विचारतात, ओपन सोर्समध्ये काय केलं. मी काय सांगू त्यायले, ट्रक मोजले? घरात तुह्यं-माह्यं असते का? अन् सी कोणं शिकवली तुले?" हे बरोबर लागलं. त्याला माहीत होतं कुठे लागतं. "तू शिकवली." "मंग?" "मंग काय मंग? पोळ्या आईनं शिकवल्या मले. म्हनून मी जेवलं का आईचं पोट भरते?" तो हसू नये म्हणून खाली बघू लागला, आणि मलाही हसू आलं, आणि त्याच क्षणी मला त्याचा भयंकर राग आला, कारण हे आमचं हसणं होतं, उन्हाळाभराचं, आणि ते अजून चालू होतं, परत केलेल्या जागेवर. "बाबाले तू फसवलं," मी म्हटलं. "त्यायले सांगतलं का गीतूच्या नावानं गेलं." दादानं वर पाहिलं. आता त्याच्या तोंडावर खरंच काहीतरी आलं, दया म्हणतात तसं. "काकानंच सांगतलं मले," तो म्हणाला. "मी नाहीच म्हनत होतो. काका म्हने, तिच्यासमोर लय वर्सं पडले आहेत."

त्यानंतरचा तासभर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. गणवेशातच पलंगावर पडून होते बहुतेक. यार्डात डबे जोडत होते. आधी एक ठोका, मग तो डब्याडब्यातून पळत लांब जातो, शेवटच्या डब्यापर्यंत. लहानपणापासून मी त्यावर झोपते. त्या दिवशी प्रत्येक ठोका कुठपर्यंत जातो ते ऐकत राहिले. राग दादाचा होता तोवर सोपं होतं. दादा चोर, मी हुशार, बाबा येतील आणि निवाडा करतील. आता निवाडा करणाराच आत सापडला होता. बाबा ड्यूटीवरून आले, बूट काढायला दारातल्या पाटावर बसले, तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले. "बाबा, तुम्हाले माहीत होतं?" त्यांनी काय म्हणून विचारलं नाही. एक बूट हातात तसाच. "हाव." "आकडा देताना माहीत होतं?" बाबा बुटाची नाडी सोडवत राहिले, ती सुटलेलीच होती. मी म्हटलं, "नत्थूकाकाले काय म्हनलं होतं तुम्ही?" माझा आवाज मला वाटला तसा चढला नाही, उलट बारीक झाला.

बाबा बोलले ते जमिनीकडे बघून. "कृष्णाले मी दवाखान्यात शब्द देला होता, बाई. पोराले लावून देतो म्हनून. तीन वर्सं झाले, माह्याच्यानं काही झालं नाही. याचं वय चाललं हातचं. तू तं पुढं असे दहा करशील." "शब्द तुम्ही देला," मी म्हटलं, "अन् सामान माह्यं देऊन आले." स्वयंपाकघरात फोडणीचा आवाज थांबला. आई दारात आली, हातात झारा. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं. "मांगून तं पाह्यचं होतं," ती बाबांना म्हणाली. "एक डाव पोरीजवळ बसून म्हनाचं होतं, गीतू, दादासाठी दे. माही पोरगी नाही म्हनली असती का?" बाबांनी बूट खाली ठेवला. आणि मी उभ्या उभ्या मनात तपासून पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे, की मी दिलं असतं का. दिलं असतं. रडले असते थोडी, मोठेपणा मिरवला असता महिनाभर, पण दिलं असतं, आनंदानं दिलं असतं. ते देण्याचं सुखसुद्धा यांनी मला न विचारता उचलून नेलं होतं. हे मला नावापेक्षा जास्त लागलं. आता मी ते कधीच देऊ शकत नव्हते, कारण चोरीला गेलेली वस्तू दान करता येत नाही.

"झालं थे झालं," बाबा शेवटी म्हणाले, थकून. "आता त्या बाईच्या प्रश्नाचं तेवढं एक उत्तर त्याले सांगून दे. सोमवार निघू दे. मंग पाहू." दादा आतल्या दारात येऊन उभा होता, बाबांच्या बरोबर मागे. मी दोघांकडे पाहिलं. माझ्या उत्तराची वाट बघणारी दोन माणसं, जगातली माझी सगळ्यात जवळची, आणि त्यांच्या पलीकडे लांब ते खरं दार, जिथून प्रश्न निघाला होता. मी प्रामाणिकपणे दळून दिलं असतं की हे घेऊन जाणार होते आणि माझ्या जागी आत जाणार होते.  हे मी लिहून ठेवलेलं होतं, ओल्या केसांनी. त्यात काय करायचं तेही लिहिलेलं होतं. "नाही," मी म्हटलं. "उत्तर मी देईन, पण जिथून प्रश्न आला तिथं. दादा, तू लिहितो का आधी, हे काम तुह्यं नाही म्हनून? तू लिहिलं तं मी गप बसीन. तूच बरा दिसशील." दादानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी कोणाकडेच पाहिलं नाही. मग दादानं किल्ली घेतली आणि बाहेर गाडीला किक मारण्याचा आवाज आला, दोनदा लागली नाही, तिसऱ्यांदा लागली. मी कॉम्प्युटरपुढे बसले. खुर्ची त्याच्या अंगानं गरम होती. इंग्रजीत लिहिलं, मोठं लिहिलं नाही: पत्ता बदलल्यावर उत्तर दिलं तर मधला माणूस ते उत्तर उचलून खऱ्या दाराशी नेऊ शकतो, म्हणून सगळं फेकून देते. मुद्दाम केलं आहे. हे काम माझं आहे. माझं नाव गीतांजली गावंडे. बटण दाबलं तेव्हा आई मागे उभी होती, तिनं विचारलं नाही काय लिहिलं म्हणून, नुसता तेलकट हात माझ्या डोक्याला लागू नये असा मनगटानं डोक्यावर ठेवला. दादा जेवायच्या वेळेला आला. ताटावर बसून म्हणाला, "पुण्याले मी तं जाईनच. पाहू, काट्याचंच सांगीन." मी त्याला पापड वाढला. त्यानं घेतला. पण आम्ही दोघंही हसलो नाही, आणि पापड मोडल्याचा आवाज मोठा वाटला.

सकाळी शाळेआधी इल्झेचं आलं होतं. कारण बरोबर आहे, तिनं लिहिलं होतं, मला हीच शंका होती, चांगलं सुचलं. बस, एवढंच कौतुक, त्या बाईकडून एवढं म्हणजे सोन्याचं, आणि ते वाचून मी नाचले नाही. पुढे होतं: पण आता एका कामावर दोघांची नावं आली आहेत आणि तुम्ही अठराच्या आत आहात, तेव्हा हे काम कोणाचं, हे तुमच्या पालकांनी स्वतः लिहून पाठवावं, त्याशिवाय नाव बदलता येणार नाही. मी ते बाबांना मराठीत वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता. बाबा दाढी अर्धी करून ऐकत होते. तोंड धुतलं, चष्मा लावला, खाटेवर बसून मोबाइलवर एका बोटानं लिहू लागले. मी मोजे घालत होते. ते एक शब्द लिहायचे, थांबायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. कोणाला विचारलं नाही, दादाला हाक मारली नाही. बाहेर बसचा भोंगा वाजला आणि आई म्हणाली, जाऊ दे एक दिवस. शेवटी बाबांनी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. "पाठवलं," ते म्हणाले.

आणि थांबले. मी काय विचारते याची वाट बघत. इतकी वर्षं जे विचारलं ते विचारीन म्हणून. त्यांच्या कानाखाली साबणाचा पांढरा ठिपका राहिला होता, ओठ जरासे उघडे. मला विचारता आलं असतं. त्यांना हवं होतं मी विचारावं, ते मला दिसत होतं, आणि मला रडू येत होतं.

"दाखवा," मी म्हटलं.

बाबांनी मोबाइल सुलटा केला, पाठवलेली पत्रं उघडली आणि माझ्या हातात दिला. आमच्या घरात 'दाखवा' हा शब्द नव्हता. मी उभ्यानं सगळं वाचलं. कोणाला पाठवलं ते पाहिलं, पत्ता अक्षर अक्षर पाहिला, मग खालचं. ऑफिसात लिहितात तसल्या इंग्रजीत होतं: सदर काम माझी मुलगी गीतांजली हिचं आहे. माझ्या पुतण्याचं नाही. आणि त्याखाली, कोणी मागितलेलं नसताना, एक ओळ: हे मला तेव्हाही माहीत होतं. ती ओळ मी दोनदा वाचली. बाबा खाटेवरून उठून उभे राहिले होते, बनियनवर, हात दोन्ही बाजूंना सरळ.

"बरोबर आहे," मी मोबाइल परत देत म्हटलं. बाबांनी मान हलवली, मोठा साहेब तपासून गेल्यावर हलवतात तशी.